रविवारचा रंधा

नागपुरात श्रावण लागला, की जुन्या घरांमधून एक तक्रार हमखास ऐकू येते. उन्हाळ्यात एका बोटाने लागणारे दार आता चौकटीत अडकते, कपाटाचा खण अर्ध्यावर थांबतो आणि देव्हाऱ्याची दारे मिटताना कुरकुरतात. घरातील ज्येष्ठ गृहस्थ खांदा लावून दार ढकलतात, सूनबाई सुताराला निरोप पाठवायला सांगते, आणि सुतार तर सणासुदीच्या कामांत आकंठ बुडालेला असतो. अखेर कोणीतरी उत्साहाने रंधा मिळवून दाराची कड तासून टाकतो. दार लागू लागते, सर्वांना समाधान वाटते. पण दिवाळी उलटून कोरडी थंडी पडली, की त्याच दाराला फट पडते आणि रात्रभर ते वाऱ्याने खडखडत राहते.

यात रंध्याचा दोष नसतो, घाईचा असतो. लाकडाचा स्वभाव न ओळखता केलेली दुरुस्ती बहुधा दुसऱ्या दुरुस्तीला जन्म देते. हा स्वभाव ओळखण्याची, हाताने काही घडवण्याची आणि आपले घर आपणच जपण्याची हौस ही एके काळी सामान्य गोष्ट होती. आज मात्र खिळा ठोकायलाही माणूस शोधावा लागतो. दुसरीकडे, साठीत निवृत्त होऊन घरी बसलेल्या कित्येक धडधाकट गृहस्थांपुढे दिवस कसा घालवावा हा प्रश्न असतो. या दोन अडचणी एकमेकींसमोर ठेवल्या, तर एकीत दुसरीचे उत्तर दडलेले दिसते. त्या उत्तराचे नाव सुतारकाम. ते पोटासाठी करायचे नसून छंदासाठी करायचे, आणि शक्य तर एकट्याने न करता चार जणांच्या संगतीत करायचे.

लाकडाचा स्वभाव

झाड तोडले गेले तरी लाकडाचे हवेशी असलेले नाते तुटत नाही. हवा दमट झाली की लाकूड पाणी शोषते व फुगते. हवा कोरडी झाली की पाणी सोडते व आकसते. मात्र हे फुगणे-आकसणे सर्व दिशांना सारखे नसते. फळीच्या लांबीत फरक जवळजवळ पडतच नाही; तो पडतो रुंदीत. ओले साग पूर्ण वाळताना खोडाच्या केंद्रापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेने सुमारे अडीच टक्के, तर वर्षवलयांच्या कडेने सुमारे पाच टक्के आकसते. साग हे या बाबतीत शांत स्वभावाचे लाकूड मानले जाते. इतर अनेक जातींमध्ये हा फरक याहून मोठा असतो.

नागपूरच्या हवेत या स्वभावाची पुरेपूर परीक्षा होते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि हवा इतकी कोरडी असते, की ओला पंचा पाहता पाहता वाळतो. दोन महिन्यांनी त्याच खोलीत पापड सादळतात. या दोन ऋतूंमध्ये लाकडातील पाण्याचे प्रमाण सात-आठ टक्क्यांनी बदलू शकते. हिशेब केला, तर सहा इंच रुंदीची फळी त्यामुळे सुमारे दोन मिलिमीटरने रुंद होते. अशा सहा फळ्या शेजारी शेजारी जोडून केलेले दार बारा मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ अर्धा इंच वाढू पाहते. चौकट मात्र तेवढीच राहते. मग दार अडकणार नाही तर काय होणार?

जुन्या कारागिरांनी यावर फार पूर्वी तोड काढली. दाराचा सांगाडा अरुंद पट्ट्यांचा करायचा आणि मधली रुंद फळी त्या पट्ट्यांच्या खाचेत नुसती बसवायची. तिला खिळा नाही, सरस नाही. ती खाचेतल्या खाचेत हवी तेवढी फुगते, हवी तेवढी आकसते, आणि बाहेरचा सांगाडा आपले माप राखून असतो. शेकडो वर्षे टिकलेल्या वाड्यांच्या दारांचे रहस्य असे साध्या समजुतीत आहे.

नागपूरकरांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. येथे उन्हाळाभर कूलर चालतो. ताट्यांवरून पाणी गळत असते आणि घरात ओलसर वारा खेळत असतो. ज्या खोलीत कूलर आहे तेथील दार भर उन्हाळ्यातही फुगू शकते. म्हणून दार अडकले की प्रथम कारण शोधावे. बिजागरीचे स्क्रू सैल झाल्याने दार खाली झुकले आहे का, हे पाहावे. तसे नसेल, तर पावसाळ्यापुरते कडेला मेणबत्ती घासून काम भागवावे. तासायचेच असेल तर अगदी थोडे तासावे, आणि दाराची वरची व खालची कड, जिथे रंगारी सहसा कुंचला फिरवत नाही, तिथे कोरड्या दिवसांत रंग किंवा तेल द्यावे. पाणी शिरते ते बहुधा याच उघड्या कडांतून.

सागाच्या सावलीतले शहर

नागपूर आणि साग यांचे नाते जुने आहे. भोसल्यांचा येथील राजवाडा काळ्या दगडाचा होता आणि लाकडी कोरीवकामाने नटलेला होता. १८६४ मध्ये तो आगीत भस्मसात झाला. मध्य प्रांताचे सागवान 'सीपी टीक' या नावाने देशभर ओळखले गेले. शहराच्या पूर्व भागातील लकडगंज हे नावच त्या व्यापाराची साक्ष देते. आजही तेथे लाकडाची दुकाने आणि आरागिरण्या आहेत. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्राच्या वनविकास महामंडळाचे मुख्यालय नागपुरातच आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतील, विशेषतः आलापल्ली परिसरातील साग गुणवत्तेसाठी प्रसिद्ध आहे. २८ मे २०२३ रोजी उद्घाटन झालेल्या नव्या संसद भवनासाठी सागवान नागपुरातून गेले, आणि त्याच वर्षी मार्चअखेरीस अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी बल्लारशाहून सागवान समारंभपूर्वक रवाना झाले.

ज्या मातीतले लाकूड इतक्या दूरवर मानाने जाते, तेथील घरांत मात्र आजोबांची सागवानी खुर्ची एक पाय डगमगला म्हणून भंगारवाल्याला दिली जाते, आणि तिच्या जागी भुशाच्या दाबलेल्या पत्र्यांचे, पाण्याचा थेंब लागला की फुगून फुटणारे फर्निचर येते. हा व्यवहार कोणत्याही हिशेबात तोट्याचाच आहे. पन्नास-साठ वर्षे मुरलेले सागवान पुन्हा विकत मिळत नाही. खुर्चीचा सांधा सोडवून, जुना सरस खरवडून, नवा सरस लावून रात्रभर आवळून ठेवला, तर ती खुर्ची नातवाच्या मुलांपर्यंत जाईल.

लाकूड विकत घेताना लागणारा हिशेबही गृहस्थांनी जाणून घ्यावा. चिरलेले लाकूड घनफुटांवर विकले जाते. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घेऊन तिन्हींचा गुणाकार करायचा आणि १४४ ने भागायचे. सहा फूट लांब, नऊ इंच रुंद आणि दीड इंच जाड फळी म्हणजे ८१ भागिले १४४, अर्थात सुमारे ०.५६ घनफूट. गोल लठ्ठ्यांच्या जुन्या मोजणीची रीत तर अधिकच मनोरंजक आहे. घेराचा चौथा हिस्सा घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचे. या रीतीने येणारे माप खऱ्या घनफळाच्या सुमारे ७८.५ टक्केच भरते. चिराईत साल व कडा वाया जातात, त्यांची सूट जणू आधीच धरलेली असते. आयुष्यभर आकडेमोड केलेल्या निवृत्त माणसाला या कामात पहिल्या दिवसापासून रस वाटू लागतो, तो उगाच नव्हे.

वर्ध्याने दिलेला धडा

हाताचे काम आणि शिक्षण यांची सांगड घालण्याचा या देशातील एक महत्त्वाचा प्रयोग नागपूरपासून जेमतेम पाऊणशे किलोमीटरवर घडला. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अहवाल सादर केला. मुलांचे शिक्षण एखाद्या मूलोद्योगाभोवती गुंफावे, असा त्याचा गाभा होता. सूतकताई-विणकाम, शेती, बागकाम, चामड्याचे काम यांच्याबरोबर सुतारकामाचाही त्यात समावेश होता. पुढे सेवाग्राम येथे आर्यनायकम् दांपत्याने नई तालीमचे काम चालवले.

गांधीजींना हा विचार केवळ पुस्तकांतून सुचलेला नव्हता. दक्षिण आफ्रिकेत १९१० मध्ये सुरू झालेल्या टॉलस्टॉय फार्मवर त्यांचे मित्र हर्मन कॅलनबॅक यांच्यासह आश्रमवासीयांनी आपल्या गरजेच्या लाकडी वस्तू स्वतः घडवल्या होत्या. युरोपातही हा प्रवाह होता. फिनलंडच्या उनो सिग्नेयुस यांनी एकोणिसाव्या शतकात शालेय शिक्षणात हस्तकामाला स्थान मिळवून दिले आणि स्वीडनमधील नेस येथे ओटो सालोमन यांनी त्याचे पद्धतशीर शिक्षकप्रशिक्षण उभारले. त्यांच्या पद्धतीत लाकूडकामाला प्रमुख स्थान होते. उद्देश सुतार घडवण्याचा नव्हता. नीटनेटकेपणा, एकाग्रता आणि श्रमाविषयी आदर अंगी बाणवण्याचा होता.

नई तालीममधील एक बारकावा आजच्या हौशी मंडळींना फार उपयोगी आहे. तेथे विद्यार्थ्याने केलेल्या कामाची नियमित नोंद ठेवणे हा शिक्षणाचाच भाग मानला गेला. किती काम झाले, किती माल लागला, किती वाया गेला, काय चुकले, हे लिहिताना भाषा आणि गणित दोन्ही शिकून होत. काम करणे आणि केलेल्या कामाचा हिशेब चार जणांपुढे मांडणे, या दोन्ही गोष्टी मिळून शिक्षण पूर्ण होते, हा त्यामागचा विचार. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवसांची कल्पना मांडली आहे. त्यांत सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे जाऊन काम शिकण्याचा उल्लेख आहे. विचार जुनाच आहे, त्याला नव्याने वाट मिळते आहे एवढेच.

चार जणांची बैठक

निवृत्तीनंतर पुरुषाचे एकाकीपण हा विषय आपल्याकडे फारसा उघडपणे बोलला जात नाही. कार्यालयात पस्तीस वर्षे ज्याच्या सहीवाचून कागद हलत नव्हता, त्याला घरात आपण अडगळ झालो की काय, असे वाटू लागते. तो वर्तमानपत्र दोनदा वाचतो, दूरदर्शनवर तेच ते पाहतो, सुनेच्या स्वयंपाकघरात डोकावून सूचना करतो आणि मग घरात धुसफूस सुरू होते. गृहिणीला मैत्रिणींजवळ मन मोकळे करता येते; पुरुष मात्र 'कसे काय, ठीक ना?' याच्या पुढे सहसा जात नाही.

ऑस्ट्रेलियात या प्रश्नावर एक साधा उपाय रूढ झाला. व्हिक्टोरिया राज्यातील टोंगाला या छोट्या गावी १९९८ मध्ये 'मेन्स शेड' या नावाने एक कार्यशाळा सुरू झाली. ज्येष्ठ पुरुषांनी एकत्र यावे, लाकडाची कामे करावीत, जुन्या वस्तू दुरुस्त कराव्यात, चहा घ्यावा, गप्पा माराव्यात, इतकेच तिचे स्वरूप. आज त्या देशात अशा हजाराहून अधिक शेड आहेत, आणि ब्रिटन व आयर्लंडमध्येही ही चळवळ पोहोचली आहे. तिच्यामागचे निरीक्षण मार्मिक आहे. पुरुष समोरासमोर बसून मनातले बोलत नाहीत. पण शेजारी शेजारी उभे राहून फळी घासताना मात्र ते सहज बोलू लागतात. प्रकृतीची चिंता, मुलाच्या नोकरीची काळजी, पत्नीच्या निधनाचे दुःख, असे कितीतरी विषय रंध्याच्या लयीत नकळत बाहेर पडतात.

आपल्याकडे याला मोठ्या इमारतीची गरज नाही. सोसायटीच्या वाहनतळाचा एक कोपरा, बंगल्यामागची पडवी किंवा गच्चीवरची जिन्याची खोली पुरते. वस्तीतील चार-पाच समवयस्कांनी रविवारची सकाळ ठरवून घ्यावी. प्रत्येकाने आठवड्यात काय केले ते सांगावे. एखाद्याने चौरंगाचे पाय बसवले, एखाद्याने खिडकीची जाळी बदलली, एखाद्याचा खण उलटा चिकटला. चुकीची कबुली देणाऱ्याचे अशा बैठकीत विशेष स्वागत व्हावे, कारण एकाची चूक चौघांचे लाकूड वाचवते. एक वही ठेवावी. तीत तारीख, काम, लागलेले लाकूड, खर्च, वेळ आणि 'पुढच्या वेळी काय वेगळे करावे' असे रकाने असावेत. वर्षाअखेरीस ती वही उघडली, की बावन्न रविवारांची जमा बाजू डोळ्यांपुढे उभी राहते. खर्चाच्या रकान्यात लाकूड-खिळे असतात. जमेच्या रकान्यात मिळवलेले मित्र कोणत्या आकड्यात लिहावेत, हे मात्र ज्याचे त्याने ठरवावे.

या बैठकीत मुलामुलींना आणि घरातील स्त्रियांनाही मोकळा प्रवेश असावा. मापे घेण्यातील काटेकोरपणा आणि रंगसंगतीची जाण यांत त्या पुष्कळदा पुरुषांच्या पुढेच असतात. नातवाने आजोबांकडून गुण्या धरून काटकोन पाहायला शिकणे, हा भूमितीचा जो पाठ आहे, तो शाळेच्या फळ्यावर मिळत नाही.

सामग्रीचा विवेक

जैन परंपरेत भगवान ऋषभदेवांनी मानवाला असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही षट्कर्मे शिकवली, असे आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात सांगितले आहे. वाणिज्यात समाजाने मोठे नाव कमावले; शिल्प मात्र हळूहळू इतरांच्या हाती सोपवले गेले. वास्तविक काष्ठशिल्पाचा जैन वारसा थोर आहे. गुजरातमधील पाटण येथील वाडी पार्श्वनाथ मंदिराचा सोळाव्या शतकाच्या अखेरीचा सागवानी मंडप आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे, आणि त्यातील नर्तक-वादकांच्या मूर्तींपुढे देशोदेशीचे लोक थबकतात.

त्याचबरोबर श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत वनकर्म आणि लाक्षावाणिज्य यांचीही गणना आहे. ही बंधने उपजीविकेच्या संदर्भात सांगितलेली असली, तरी हौशी माणसालाही त्यांतून विवेकाची दिशा मिळते. पहिली गोष्ट, नवे लाकूड घेण्यापूर्वी घरातील जुन्याचा विचार करावा. मोडका पलंग म्हणजे दोन पाट, एक चौरंग आणि ग्रंथवाचनाची घडीची चौकी यांचा कच्चा माल होय.

दुसरी गोष्ट झिलईची. पारंपरिक फ्रेंच पॉलिश चपडी लाखेचे असते आणि लाख ही कीटकांपासून मिळते. ज्यांना ती वर्ज्य वाटते, त्यांच्यासाठी जवसाचे तेल हा उत्तम पर्याय विदर्भाच्या शेतातच पिकतो. जवसाचे तेल हवेतील प्राणवायूशी संयोग पावून घट्ट होते, म्हणून ते लाकडात मुरून संरक्षक थर देते. पातळ हात द्यावा, अर्ध्या तासाने उरलेले तेल पुसून काढावे आणि दुसरा हात देण्यापूर्वी पुरते वाळू द्यावे. पोळपाट-लाटण्यासाठी मात्र बाजारातील रंगकामाचे उकळलेले तेल वापरू नये. त्यात लवकर वाळण्यासाठी धातूंची संयुगे मिसळलेली असतात. तेथे खाण्याचे शुद्ध तेलच योग्य.

तिसरी गोष्ट चिकटवण्याची. पूर्वी सुतार जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला सरस उकळून वापरत असत. १९५९ मध्ये बळवंतराय पारेख यांनी फेविकॉल बाजारात आणले आणि ही अडचण कायमची दूर झाली. ते कृत्रिम राळेपासून बनते. सांधा जोडताना ते दोन्ही बाजूंना पातळ लावावे, शिकंजाने आवळावे आणि चोवीस तास हात लावू नये. डगमगत्या खुर्चीत खिळा ठोकणे हा मात्र उपाय नव्हे. खिळ्याने लाकूड फाटते आणि सांधा कायमचा जायबंदी होतो.

चौथी गोष्ट जीवरक्षेची. कीड लागल्यावर विषारी फवारे मारण्यापेक्षा ती लागूच नये अशी व्यवस्था करणे केव्हाही श्रेयस्कर. सागाचा आतला तपकिरी गाभा नैसर्गिक द्रव्यांमुळे वाळवीला सहजी बळी पडत नाही. बाहेरच्या पांढरट भागात मात्र पिठूळ अंश असतो, आणि भुंग्यांना तोच प्रिय असतो. म्हणून लाकूड घेतानाच पांढरट भाग टाळावा. कपाट भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावे, ओल येणाऱ्या भिंतीची गळती आधी थांबवावी, आणि पावसाळ्यानंतर एकदा सर्व सामान हलवून मागची बाजू कोरड्या फडक्याने पुसावी. अहिंसा अशी व्यवस्थेत असली, की पुढे प्रायश्चित्ताचा प्रसंगच येत नाही.

कोठून आरंभ करावा

नवशिक्याने एकदम पलंग करायला घेऊ नये. प्रथम घरातच फिरून दुरुस्त्यांची यादी करावी. बिजागरीचा स्क्रू सैल झाला असेल, तर भोकात चिकटद्रव्यात बुडवलेली बांबूची काडी ठोकून, वाळल्यावर तिथेच पुन्हा स्क्रू आवळावा. खण अडकत असेल तर खालच्या पट्ट्यांवर मेणबत्ती घासावी. डासांची जाळी फाटली असेल तर पावसाळ्याआधी चौकटीवर नवी ताणून बसवावी. उन्हाळ्याच्या तोंडावर कूलरचा लाकडी स्टँड तपासावा. पाणी भरलेल्या टाकीचे वजन त्याच्यावर असते. झोपाळ्याच्या कड्या वर्षातून एकदा अवश्य पाहाव्यात. घरात ऐंशीच्या पुढची आई किंवा वडील असतील, तर जिन्याला आणि स्नानगृहाजवळ आधाराचा कठडा बसवणे हे या यादीतील पहिले काम समजावे. मात्र तो भिंतीत पक्का बसला आहे याची खात्री जाणत्याकडून करून घ्यावी. वृद्धापकाळी एक पडणे पुढचे सर्व आयुष्य बदलून टाकते.

अवजारे थोडी पण चांगली असावीत. एक करवत, एक रंधा, पाऊण आणि अर्ध्या इंचाच्या दोन पटाश्या, हातोडी, गुण्या, फळीच्या कडेला समांतर रेघ मारणारी खतावणी, दोन शिकंजे आणि धार लावण्याचा दगड, एवढ्यावर वर्षभर काम चालते. पटाशीला सुमारे २५ अंशांचा उतार देऊन टोकाशी ३० अंशांची धार करावी. बोथट अवजार अधिक धोकादायक असते, कारण त्याला जोर लावावा लागतो आणि जोर लावलेला हात घसरतो. पटाशीच्या वाटेत दुसरा हात कधीही नसावा.

विजेवर चालणाऱ्या यंत्रांबाबत विशेष सावध राहावे. दगड-लोखंड घासण्याच्या ग्राइंडरवर लाकडाचे दातेरी पाते बसवण्याची प्रथा अनेक ठिकाणी दिसते. ती प्राणघातक आहे. सैल बाही, गळ्यातली साखळी, उपरणे यंत्राजवळ नको. डोळ्यांना चष्मा आणि नाकातोंडाला मुखपट्टी हवीच, कारण लाकडाची धूळ ही कर्करोगास कारणीभूत ठरणारी असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच जाहीर केले आहे. आणि एक इशारा नागपूरच्या उन्हाळ्यासाठी खास. जवसाच्या तेलाने भिजलेले फडके चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये. ते वाळताना उष्णता निर्माण होते आणि ढिगात ती साठून आपोआप पेट घेऊ शकते. असे फडके पसरून वाळवावे किंवा पाण्यात बुडवून मगच टाकावे.

सुताराचा मान

या सर्व छंदात एक मर्यादा कधी विसरू नये. हौशी माणसाने सुताराचे पोट मारू नये. नव्या चौकटी, दारे, छपराचे काम, मोठे कपाट ही कामे त्याचीच, आणि त्याचा योग्य मोबदलाही घासाघीस न करता द्यावा. किंबहुना ज्याने स्वतः एक सांधा करून पाहिला आहे, त्यालाच सुताराच्या मजुरीचे खरे मोल कळते. जी खाच सुतार दहा मिनिटांत बिनचूक पाडतो, तिच्यासाठी निवृत्त अधिकाऱ्याचा सारा रविवार खर्ची पडतो आणि तरीही ती वाकडी निघते. तेव्हा 'एवढेसे तर काम, इतके पैसे कशाला?' हा प्रश्न ओठांवर येत नाही. वस्तीतील एखाद्या वयस्क सुतारास महिन्यातून एक रविवार मानधन देऊन गुरू म्हणून बोलवावे, खुर्चीवर बसवावे आणि त्याच्याकडून शिकावे. पिढ्यान्पिढ्या ज्याला ओट्यावरच उभे ठेवले, त्याला गुरूच्या आसनावर बसवणे, ही या छंदाची फार मोठी फलश्रुती ठरेल.

श्रावणात अडकलेल्या दारापासून हा विषय निघाला. ते दार या वर्षी तासू नये. त्याला थोडे मेण लावावे, बिजागरी तपासावी आणि वहीत एक नोंद करावी : 'मार्गशीर्षात पुन्हा पाहणे.' तोवर हवा कोरडी झालेली असेल, दार आपल्या मूळ मापावर आलेले असेल आणि नेमकी कोणती कड किती घ्यायची हे स्वच्छ दिसेल. कदाचित रंध्याची गरजच उरणार नाही. घरातल्या दारांप्रमाणेच घरातली माणसेही ऋतूंप्रमाणे फुगतात आणि आकसतात. त्यांनाही चौकटीत थोडी मोकळी जागा आणि थोडा अवधी लागतो. निवृत्त गृहस्थाच्या हातात रविवारी रंधा असला, की ही गोष्ट त्याच्या लवकर ध्यानात येते, आणि सोमवारी सकाळी स्वयंपाकघरात डोकावून सूचना करण्याचे त्याचे कारणही पुष्कळ अंशी संपलेले असते.